दिवा कुठलं, ते आधी सांगा

संध्याकाळी आठला आमच्या कळव्याच्या घरात स्थानिक केबल वाहिनी लागते. लावते ती आई. वय ७८, नजर चांगली, ऐकायला थोडं कमी येतं. एका संध्याकाळी पडदा अचानक लाल झाला, सायरन वाजला आणि ‘दिव्यात अग्नितांडव’ अशी अक्षरं आली. माझी धाकटी बहीण मुंब्र्याजवळच्या दिवा पूर्वेला राहते आणि मामांचं घर ऐरोलीतल्या दिवा कोळीवाड्यात आहे. आईने थरथरत्या हाताने फोन उचलला. पडद्यावर ज्वाळांचं तेच दृश्य सहा-सात वेळा फिरलं. निवेदिका ‘थरकाप’, ‘हाहाकार’, ‘काळजाचा ठोका चुकवणारी घटना’ असं बरंच काही म्हणाली. दोन मिनिटं उलटून गेल्यावर बातमीदाराच्या तोंडून ‘ऐरोली’ हा शब्द पडला. भंगाराच्या गोदामाला लागलेली आग होती, कुणाला इजा नव्हती आणि ती विझून तास झाला होता.

त्या दोन मिनिटांवर मी तेव्हापासून विचार करते आहे. बातमी खोटी नव्हती. आग लागली होती, दिवा गावातच लागली होती, चित्रंही तिथलीच होती. तरीही जे सांगायला हवं होतं ते सगळ्यात शेवटी आलं, आणि ज्याची कुणालाच गरज नव्हती ते सगळ्यात आधी. सादरीकरणाबद्दल बोलायला लागलं की बहुतेकांना सेट, दिवे, निवेदकाचा कोट किंवा निवेदिकेची साडी आठवते. माझ्या लेखी सादरीकरण म्हणजे क्रम: काय आधी, काय नंतर, किती सावकाश आणि कुणाला उद्देशून. ठाणे आणि नवी मुंबईतल्या स्थानिक वाहिन्यांचं आज जे बिघडलं आहे, ते इथे बिघडलं आहे.

हे बाहेरून बघून म्हणत नाही. १९९८ पासून चार वर्षं मी ठाण्यातल्या एका केबल वाहिनीत बातम्या लिहीत होते. आखाती युद्धानंतर गच्चीगच्चीवर डिश आल्या, केबलवाल्यांनी आधी व्हीसीआर लावून पिक्चर दाखवले आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की याच वायरीतून गावच्या बातम्याही पाठवता येतील. १९९५ साली केबलचा कायदा आला तोवर हे रुळलंही होतं. आमचं बातमीपत्र दुपारी चारला रेकॉर्ड व्हायचं, त्याच्या व्हीएचएस कॅसेट निघायच्या आणि दोन पोरं स्कूटरवरून त्या नौपाड्यापासून वर्तकनगरपर्यंतच्या कंट्रोल रूमना पोचवायची. पावसात कॅसेट पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत. मागे निळा पडदा, समोर एकच कॅमेरा. वाचणारे एक निवृत्त शाळामास्तर होते. गावाच्या नावाबद्दल शंका आली तर ते रेकॉर्डिंग थांबवायचे, त्या भागातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावायचे आणि मगच पुढे वाचायचे. ‘चुकीचं नाव वाचलं तर उद्या बाजारात लोक मला थांबवतील,’ असं ते म्हणायचे. आणि खरंच थांबवायचे.

बाजारात लोक थांबवतील ही भीती हेच स्थानिक बातमीचं खरं भांडवल आहे. राज्यभर दिसणाऱ्या वाहिनीने गडचिरोलीबद्दल चढवून सांगितलं तर मला कळव्यात बसून ते तपासता येत नाही. पण विटावा पुलाखाली पाणी भरल्याची बातमी स्थानिक वाहिनीने दिली, तर मी खिडकीतून बघते, भाजीवालीला विचारते, त्या रस्त्याने आलेल्या रिक्षावाल्याला विचारते. पाच मिनिटांत खरं-खोटं समजतं. म्हणून जो भडकपणा मोठ्या वाहिनीला परवडतो, तो लहान वाहिनीला परवडत नाही. तिचा प्रेक्षक साक्षीदारही असतो. गुडघाभर पाण्याला ‘जलप्रलय’ म्हटलं की गुडघाभर पाण्यातून घरी आलेला माणूस त्या संध्याकाळी चॅनेल बदलतो, आणि खरा पूर आला तरी परत येत नाही.

तरीही नक्कल चालूच आहे. २००७-०८ च्या सुमारास मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या एकापाठोपाठ एक आल्या आणि स्थानिक वाहिन्यांना एक साचा मिळाला. लाल-पिवळ्या पट्ट्या, फिरणारी पृथ्वी, सतत ‘ब्रेकिंग’. ज्या वाहिनीचा बातमीदार मुलुंड चेकनाक्यापलीकडे जात नाही, तिच्या बातमीपत्राच्या सुरुवातीला पृथ्वीचा गोल कशासाठी फिरतो? त्या जागी मासुंदा तलाव दाखवा, पारसिकचा डोंगर दाखवा, वाशीचा खाडीपूल दाखवा. बघणाऱ्याला कळू दे की ही आपली वाहिनी आहे.

आवाजाचंही तसंच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तिथे स्मिता पाटील बातम्या वाचायच्या, पुढे कित्येक वर्षं प्रदीप भिडे वाचायचे. ते दिवस परत आणा असं माझं म्हणणं नाही. ती सरकारी बातमी होती, तिच्यात सरकारला अडचणीचं फारसं काही नसायचं, आणि भाषा तर एकाच वळणाची. पण वाक्य संपलं की संपायचं. आकडा आला की तो ऐकू यायचा. आज आमच्याकडच्या बातमीपत्रात निवेदक एका दमात चाळीस शब्द म्हणतो, त्यातला आकडा पार्श्वसंगीताखाली जातो, आणि पट्टीवर तोच आकडा वेगळा असतो. कमी ऐकू येणाऱ्या माणसासाठी तर हे बातमीपत्र म्हणजे नुसता आवाज.

पाणीकपातीची सूचना घ्या. ठाण्यात ही सगळ्यात महत्त्वाची बातमी असते. कुणी मंत्री येऊन गेला त्याहून महत्त्वाची. ठाण्याचं पाणी एका जागेहून येत नाही. पालिकेची स्वतःची योजना, ठाणे-भिवंडी परिसराला पाणी देणारं स्टेम प्राधिकरण, मुंबई महापालिका, एमआयडीसी अशा वेगवेगळ्या वाटांनी ते येतं, आणि कुठली जलवाहिनी दुरुस्तीसाठी बंद आहे त्यावर कुणाचे नळ कोरडे पडणार ते ठरतं. पालिकेच्या पत्रकात यादी असते: घोडबंदर रोड, वर्तकनगर, साकेत, ऋतुपार्क, जेल, गांधीनगर, सिद्धांचल, समतानगर, इटर्निटी, मुंब्रा व कळव्याचा काही भाग. यातली काही नावं वस्तीची, काही सोसायटीची, काही जलकुंभांची. ‘कळव्याचा काही भाग’ म्हणजे कुठला भाग, हे विचारणं बातमीदाराचं काम. आमचं खारेगाव त्यात आहे का? विटावा आहे का? पत्रक जसंच्या तसं घाईने वाचून दाखवलं तर ती बातमी होत नाही. ते पत्रक सकाळीच सोसायटीच्या ग्रुपवर आलेलं असतं. वाहिनीने त्यात एक फोन करून जे भरायचं ते भरलेलं नसतं.

नवी मुंबईची गोष्ट वेगळी आहे. तिच्याकडे मोरबे हे स्वतःचं धरण आहे, राज्यात फार थोड्या महापालिकांकडे असं आहे. त्यामुळे तिथली पाण्याची बातमी धरणाच्या पातळीपासून सुरू होऊ शकते, आणि वाहिन्यांनी ती रोज द्यावी. पण त्या शहरात दुसरा घोळ आहे, नावांचा. हे शहर वसवणाऱ्या सिडकोने १९७० पासून सेक्टर आणि नोड (म्हणजे उपनगरं) आखले, आणि त्यांच्या मध्ये मूळची आगरी-कोळ्यांची गावं तशीच राहिली. एकाच नावाचा नोड आणि गाव. कोपरी म्हटलं तर ठाणे पूर्वेचं की वाशीजवळचं? इंदिरानगर वागळे इस्टेटचं की तुर्भ्याचं? खाडीच्या दोन्ही अंगांना दिसणाऱ्या वाहिनीने पहिल्याच वाक्यात हे सांगितलं पाहिजे. सारसोळे, गोठिवली, करावे, कुकशेत ही नावं वाचताना अडखळणारा निवेदक त्या गावच्या माणसाला दुसरी कुठली खूण देतो? तुम्ही आमचे नाही, एवढीच.

बोलीचं तर मला फार वाईट वाटतं. मासेमारी बंद पडल्याबद्दल कोळीवाड्यातली बाई कॅमेऱ्यासमोर बोलते. आगरी-कोळी वळणाचं, ठसठशीत, मुद्द्याचं बोलणं असतं ते. तिच्या बोलण्याचा तुकडा, म्हणजे बाइट, चार सेकंदांत कापला जातो आणि निवेदक तिचंच म्हणणं पुस्तकी मराठीत पुन्हा सांगतो: ‘स्थानिक मच्छीमार महिलांनी तीव्र नाराजी व्यक्त केली.’ तिने नाराजी व्यक्त केली नव्हती. खाडीत काय सोडलं जातं, ते किती वाजता सोडतात आणि पाण्याला कसला वास येतो, हे तिने सांगितलं होतं. बातमी तिच्या तोंडात होती. ती वाहिनीने काढून टाकली, कारण तिचं बोलणं ‘ऑन एअर’ चांगलं दिसत नाही असा समज आहे. हाच समज मुंब्र्यातल्या दखनी-हिंदी बोलणाऱ्या रिक्षावाल्याच्या आणि दिघ्यातल्या वैदर्भी बोलणाऱ्या मजुराच्या बाबतीतही आहे. ज्या वाहिनीच्या निवेदनात गावातला एकही खरा आवाज ऐकू येत नाही, ती स्थानिक कशी?

आता जाहिरातीबद्दल. इथे मला माझाही वाटा सांगितला पाहिजे. आमच्या वाहिनीत एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस आला की शुभेच्छांचा मजकूर मीच लिहायचे, आणि तो बातमीपत्राच्या मध्यभागी, त्याच आवाजात, त्याच निळ्या पडद्यासमोर वाचला जायचा. पैसे घेतलेले असायचे. बघणाऱ्याला ते सांगितलं जायचं नाही. मी तेव्हा गप्प बसले, आणि ते चूक होतं. आज हे प्रकरण फार पुढे गेलं आहे. बातमीचं चित्र आकसून पडद्याच्या एका कोपऱ्यात गेलं आहे, डावीकडे बिल्डरची उभी जाहिरात, खाली ज्वेलर्सची आडवी, आणि त्याखाली शुभेच्छुकांची नावं सरकताहेत. ‘खास मुलाखत’ नावाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम असतो, त्यात डॉक्टर किंवा क्लासवाले बोलतात आणि प्रश्न त्यांनीच लिहून दिलेले असतात.

केबल टेलिव्हिजनच्या नियमांत याबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे. सातव्या नियमानुसार जाहिरात ही कार्यक्रमापासून वेगळी ओळखू आली पाहिजे आणि पडद्याच्या खालच्या भागात पट्ट्या चालवून तिने कार्यक्रमात अडथळा आणता कामा नये. तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात नको, हेही तिथेच आहे. नियम जुना आहे. तो पाळला जात नाही हे आठवी शिकलेलं मूलही टीव्हीसमोर बसून सांगेल. निवडणुकीत उमेदवाराची जाहिरात आधी समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, तसा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश आहे. पण जाहिरात बातमीच्या कपड्यात आली की कोण प्रमाणित करणार?

यावर वाहिनी चालवणारे जे उत्तर देतात ते मी आतून ऐकलेलं आहे आणि ते खोटं नाही. ते म्हणतात, पैसे कुठून आणायचे? २०१९ च्या फेब्रुवारीत नवी दरपद्धत आली तेव्हा शंभर वाहिन्यांच्या जोडणीसाठी करासह १५३ रुपये असा आकडा घरोघरी पाठ झाला. त्यातून स्थानिक बातम्यांसाठी वेगळं असं काही हाती येत नाही. कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या पोराला महिन्याचा पगार नसतो, स्टोरीमागे काही शे रुपये मिळतात, पेट्रोल त्याचंच. तोच शूट करतो, तोच बूम माईक धरतो, तोच दुपारी जाहिरातीचं बिल वसूल करायला जातो. ज्याच्याकडे बिल मागायचं त्याच्याच इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही ही बातमी तो कशी करेल? मला त्याची कीव येत नाही, मला त्याच्या बाजूने राग येतो.

पण या उत्तरात एक गोष्ट सोयीने विसरली जाते. मी जे मागते आहे त्यातलं बरंचसं फुकट आहे. सायरन बंद करायला पैसे लागत नाहीत. पहिल्या वाक्यात ठिकाण सांगायला पैसे लागत नाहीत. पडद्यावर तारीख आणि वेळ टाकायला, जाहिरातीवर ‘जाहिरात’ असा शब्द लिहायला, पाणीपुरवठा विभागाला एक फोन करायला काय लागतं? उलट पृथ्वी फिरवायलाच पैसे लागतात.

तारखेचं मी मुद्दाम म्हणते, कारण आता बातमीपत्र बातमीपत्रात राहत नाही. त्याचा तुकडा कापला जातो, यूट्यूबवर जातो, तिथून व्हॉट्सअॅपवर येतो आणि दोन वर्षांनी जुलैत पुन्हा फिरतो. घोडबंदरला गायमुख घाटात वाहनं अडकल्याचं जुनं चित्र ‘आत्ताचं’ म्हणून येतं आणि माणसं निष्कारण भिवंडीच्या वळशाने जातात. हल्ली केबलची बातमी कोण बघतं, सगळ्यांच्या हातात फोन आहे, असं मला लोक सांगतात. मला वाटतं, फोन आहे म्हणूनच ही वाहिनी हवी. ग्रुपवर आलेला संदेश कुणी पाठवला ते कळत नाही. केबल वाहिनीला पत्ता असतो. २०२२ च्या नोव्हेंबरमधल्या केंद्राच्या सूचनांनुसार केबलवर स्थानिक बातम्या दाखवणारी संस्था रीतसर नोंदलेली कंपनी असावी लागते. म्हणजे चुकीला जबाबदार कोण, ते शोधता येतं. अफवा आणि बातमी यांच्यात फरक करणारी शहरातली ही शेवटची जागा उरली आहे. पण त्यासाठी कापलेल्या तुकड्यावरही ठिकाण, तारीख, वेळ कायमची उमटलेली हवी, म्हणजे तो तुकडा कुठेही गेला तरी खोटं बोलू शकणार नाही.

आणखी एका प्रसंगात स्थानिक वाहिनीने वेगळं वागायला हवं, तो म्हणजे मृत्यू. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. अशा वेळी मोठ्या वाहिन्या येतात आणि ढिगाऱ्यासमोर रडणाऱ्या आईच्या तोंडासमोर माईक धरतात. स्थानिक वाहिनी बघणाऱ्यांत त्या आईची बहीण असते, मुलाचे शिक्षक असतात, कदाचित अजून न कळलेले वडील असतात. घरच्यांना कळवल्याशिवाय नाव नको, चेहरा नको, हा नियम त्या वाहिनीने भिंतीवर लिहून ठेवावा. त्या रात्री तिने सांगायचं ते असं: जखमींना कुठल्या रुग्णालयांत नेलं आहे, नातेवाइकांनी कुठल्या दारातून जायचं, रक्त कुठे द्यायचं, कुठला रस्ता रुग्णवाहिकांसाठी मोकळा सोडायचा. हे सांगणारा निवेदक कुठल्याही ओरडणाऱ्यापेक्षा मोठं काम करतो.

मोठ्यांच्या गाड्या निघून गेल्यावर तर खरं काम सुरू होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्या कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. देशभर बातमी झाली. दोन-तीन दिवसांनी सगळे कॅमेरे गेले, चौकशी समिती नेमली गेली, आणि आम्ही इथेच राहिलो, कारण आजारी पडल्यावर जायचं तिथेच. पुढच्या महिन्यात किती परिचारिका आल्या, अतिदक्षता विभागात किती खाटा वाढल्या, हे पडद्यावर दर महिन्याच्या एक तारखेला आलं असतं तर? ‘त्या बातमीचं पुढे काय झालं’ एवढ्याच नावाची दहा मिनिटं रोज ठेवा. तो कार्यक्रम राज्यपातळीवरची कुठलीही वाहिनी करू शकणार नाही.

महापालिकेच्या कारभाराचंही हेच. मे २०२० मध्ये नवी मुंबईच्या आणि मार्च २०२२ मध्ये ठाण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षं दोन्ही शहरं प्रशासकांनी चालवली. महासभा नाही, स्थायी समिती नाही, आरडाओरडा करायलाही कुणी नाही. कोट्यवधींचे ठराव एका सहीने होत होते. त्या काळात स्थानिक वाहिनी हीच शहराची महासभा व्हायला हवी होती. झालं उलट. पालिकेकडून तयार होऊन आलेले व्हिडिओ, त्यांच्याच संगीतासह, बातमी म्हणून लागत राहिले. कुठल्या दिवशी कुठला ठराव झाला, किती रकमेचा, कुठल्या प्रभागासाठी, एवढं साध्या पांढऱ्या अक्षरांत काळ्या पडद्यावर कुणी दाखवलं असतं तरी मी त्याला उत्तम सादरीकरण म्हटलं असतं.

ऐकू न येणाऱ्यांसाठी बातम्यांत सांकेतिक भाषा किंवा लिखित मजकूर असावा, यासाठी केंद्राने २०१९ मध्ये मानकं काढली. ठाण्यात कर्णबधिर मुलांना शिकवणारी माणसं आहेत. आठवड्यातून एक बातमीपत्र त्यांना घेऊन सुरू करता येईल. बाकीच्या दिवशी निदान अक्षरं मोठी ठेवा आणि पट्टी सावकाश चालवा.

गेल्या गणपतीत माझ्या भाचीची मैत्रीण दर्शनाला आमच्याकडे आली. चेहरा ओळखीचा वाटला. आई जी वाहिनी बघते तिथेच ती बातम्या वाचते. पंचवीसेक वर्षांची, आवाज चांगला, उच्चार स्वच्छ. तिला कुणी शिकवलं का, असं मी विचारलं. म्हणाली, ‘काकू, पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, एनर्जी पाहिजे. एनर्जी म्हणजे जोरात.’ प्रॉम्प्टर मधूनच बंद पडतो, मग ती मोबाईलवरून वाचते. मजकूर रेकॉर्डिंगच्या पाच मिनिटं आधी हातात येतो. समोर कोण बसलेलं आहे असं डोळ्यांपुढे आणून वाचतेस, असं विचारलं तर ती जरा गोंधळली. कॅमेऱ्यामागचा मुलगा, म्हणाली.

तेवढ्यात आईने मोदकाची वाटी तिच्यासमोर ठेवली आणि विचारलं, ‘अगं, तू बातम्यांतली ना? मग सांग बाई, शुक्रवारी आमच्याकडे पाणी येणार की नाही? काल तू वाचलंस, पण मला काही कळलं नाही.’

मुलीने फोन काढला, पत्रक उघडलं, एकदा मनात वाचलं. मग आईच्या बाजूला सरकून, तिच्या चांगल्या कानाशी, सावकाश म्हणाली, ‘आजी, गुरुवारी रात्री बारापासून शुक्रवारी रात्री बारापर्यंत बंद आहे. कळव्याचा काही भाग असं लिहिलंय. खारेगाव त्यात आहे का ते यात नाहीये. थांबा, मी ऑफिसात फोन करून विचारते.’ तिने फोन केला. खारेगाव होतं. ‘गुरुवारी संध्याकाळी भरून ठेवा,’ ती आईला म्हणाली, ‘आणि शनिवारी सकाळी आधी थोडं गढूळ येईल, ते पिऊ नका.’

आईने मान हलवली आणि मला मोठा पिंप घासून ठेवायला सांगितलं.